खिशातली लाल चिठ्ठी

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच, "सर, तुम्ही कॉलेजात कोणता विषय शिकवायचे?" मी म्हणतो, "क्रीडा संचालक होतो." समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, "म्हणजे विषय असा काही नव्हता."

तर नांदेडच्या एका कॉलेजात मी हा नसलेला विषय एकतीस वर्षं शिकवला. आमचं घर अर्धापूरचं. वडील केळीच्या बागांत कामाला जायचे. घरात नोकरी लागलेला मी पहिलाच. आईला शेवटपर्यंत कळलं नाही की शिट्टी वाजवायला माणूस नोकरीवर कशाला ठेवतात. शेजारणींना ती सांगायची, "आमचा पोरगा पोलिसात हाय, पर काठीशिवाय."

ती फारशी चुकत नव्हती. झेंड्याची दोरी अडकली, बोलवा सोनकांबळे सरांना. प्रवेशाच्या रांगेत ढकलाढकली झाली, बोलवा. स्नेहसंमेलनात माईक कुंई करून ओरडला, बोलवा. यातून वेळ उरला तर खेळ. मैदान कागदावर चारशे मीटरचं होतं. त्यावर आधी परीक्षा विभागाची इमारत आली, मग सायकल स्टँड आलं, मग एका प्राचार्यांनी औषधी वनस्पतींची बाग केली. शेवटी दोनशे मीटरचा ट्रॅक उरला आणि तोही एका जागी कडुनिंबाला वळसा घालून जायचा.

परीक्षा जवळ आल्या की मात्र माझा भाव वधारायचा. विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळलेल्या मुलांना वाढीव गुण मिळतात, ही बातमी तोवर सगळीकडे पोचलेली असायची. एकदा एक जण येऊन हळूच म्हणाला, "सर, खेळावं लागत न्हाई असा एखादा खेळ हाय का?" मी म्हटलं, "बुद्धिबळ घे." तो म्हणाला, "त्याच्यात इचार करावा लागतो म्हणे."

पण मला सांगायचं आहे ते अश्विनी ढगेबद्दल. आणि तिच्यापेक्षाही जास्त, माझ्याबद्दल.

शिस्त समितीत असल्यामुळं सकाळी मी फाटकावर उभा असायचो. उशिरा येणाऱ्यांची ओळखपत्रं काढून घ्यायची, हे काम. एका सकाळी एक उंच, शिडशिडीत मुलगी माझ्या समोरून आत गेली. मी म्हटलं, "ओळखपत्र!" तिला ऐकू गेलं नाही. मी मागोमाग निघालो. अंतर कमी होईना. मी पाय उचलले, तरी होईना. शेवटी शिट्टी तोंडात धरून मी पळायला लागलो आणि वर्गाच्या पायरीवर तिला गाठलं. मी धापा टाकत होतो. ती शांतपणे पिशवीत ओळखपत्र शोधत होती.

"पळत कामून आलात सर?" ती म्हणाली. "हाक मारायची ना."

इस्लापूरची मुलगी. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, राहायला वसतिगृहात. इतकं चालायला कुठं शिकलीस, विचारलं तर म्हणाली, "बापाच्या मागं. आमचे दादा शेताकडं निघाले की थांबत न्हाईत. मागं राहिलं तर भाकरीचं गाठोडं माझ्याकडं अन् ते पुढं, म्हंजे उपाशी तेच. मंग शिव्या मला." दादा म्हणजे तिचे वडील, मारोतराव.

मला त्या वर्षी नेमकी अशीच मुलगी हवी होती. विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धांत मुलींची पाच हजार मीटर चालण्याची शर्यत असते. तिला कुणी नावच देत नाही, कारण तिची चाल पाहून लोक हसतात.

या शर्यतीचे नियम दोनच. एक पाय तरी कायम जमिनीला टेकलेला पाहिजे आणि पुढं टाकलेला पाय, त्यावर अंगाचा भार येईपर्यंत, गुडघ्यात सरळ पाहिजे. करून बघा घरातल्या घरात. कंबर आपोआप डावी-उजवीकडं हलायला लागते. ट्रॅकच्या कडेला पंच उभे असतात. चूक दिसली की पंच लाल चिठ्ठीवर त्या खेळाडूचा नंबर लिहून मुख्य पंचाच्या टेबलावर देतो. तीन वेगवेगळ्या पंचांच्या तीन चिठ्ठ्या झाल्या की खेळाडू बाद. धावपटूला कुणी विचारत नाही, तू धावलास कसा. चालणाऱ्याला मात्र पावलोपावली हिशेब द्यावा लागतो.

मैदान छोटं, म्हणून आम्ही सकाळी आसना पुलाकडच्या रस्त्यावर सरावाला जायचो. ती पुढं, मी स्कूटरवर मागं. पहिल्याच दिवशी तीन ऑटो थांबले. एक रिक्षावाला तर खाली उतरला. "बसा ताई, फुकट सोडतो दवाखान्यात. अशा पायानं चालू नका." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "अन् तुम्ही काका! पोरगी लंगडून राहिली अन् तुम्ही गाडीवर? लाज वाटत न्हाई?"

मी त्याला आंतरराष्ट्रीय नियम समजावून सांगितले. तो सगळं ऐकून म्हणाला, "ते असू द्या. आधी तिला बसवा."

पंधरा दिवसांत हे इस्लापूरला पोचलं. नांदेडला बाजारासाठी आलेल्या गावच्या कुणीतरी तिला रस्त्यावर पाहिलं होतं. गावात पोचेपर्यंत बातमी अशी झाली की ढग्याच्या पोरीचा खुबा निसटलाय आणि कॉलेज ते दाबून राहिलंय. चौथ्या दिवशी मारोतराव माझ्या दारात. पांढरं धोतर, टोपी, हातात कुठल्याशा वैदूच्या तेलाची बाटली.

"सर," ते म्हणाले, "मी तुमच्याकडं धडधाकट पोरगी दिली होती."

मी त्यांना मैदानावर नेलं. अश्विनी चालून दाखवायला लागली. अर्धी फेरी त्यांनी पाहिली. मग बाटली कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवली. "ही कसली चाल? अशी बदकं बी चालत न्हाईत. सर, सामान बांधायला सांगा. शिक्षण बास झालं."

अश्विनी जागीच उभी राहिली. तिच्या तोंडाकडं पाहून मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेलो, "मारोतराव, तुमच्यासारखं चालणारं गावात कुणी नाही म्हणे. तिच्या बरोबरीनं चालून दाखवा. दोन फेऱ्या. तुम्ही पुढं निघालात तर आजच घेऊन जा."

बोललो आणि मग आठवलं. या माणसाच्या मागं चालूनच ती शिकली होती.

मारोतरावांनी चपला काढल्या, धोतराचा काचा मारला. तोवर पोरं जमली. निम्मे वर्ग खिडक्यांत. पहिली फेरी बापलेक खांद्याला खांदा लावून. दुसऱ्या फेरीत कडुनिंबाच्या वळणावर अश्विनी चार पावलं पुढं गेली. मारोतरावांची मान ताठ झाली, हात जोरात हलायला लागले आणि पुढच्या क्षणी ते चक्क पळत सुटले.

मी शिट्टी मारली. "बाद! पळालात!"

"कुठं पळालो?"

"दोन्ही पाय उचलले."

"मंग पाय न उचलता माणूस चालल कसा?"

"एक उचलायचा, एक टेकवायचा."

"हे कुणी ठरवलं? कुठं लिहिलंय?"

नियमपुस्तकाचा मी स्वतः केलेला मराठी अनुवाद माझ्याकडं होता. त्याची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. ते कडुनिंबाखाली बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. अश्विनीनं पाण्याचा तांब्या आणून दिला, तोही त्यांनी नजर न उचलता घेतला. तासाभरानं उठले, कागद घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, "कायदा कडक हाय. पर हाय बरोबर." तेलाची बाटली मला देऊन गेले. माझ्या गुडघ्यांना तिचा चांगला उपयोग झाला.

दोन महिन्यांनी लातूरच्या एका कॉलेजात विद्यापीठाच्या स्पर्धा झाल्या. तिथं चालण्याच्या शर्यतीला पाच पंच पाहिजेत आणि नियम माहीत असलेली माणसं चार. त्यातल्या दोघांना मीच सकाळी चहा पिता पिता शिकवलं होतं. संयोजक म्हणाले, "सोनकांबळे सर, तुम्ही उभे राहा."

"माझी मुलगी शर्यतीत आहे," मी म्हणालो. म्हणालो, पण अशा आवाजात की समोरच्यानं ते मनावर घेऊ नये.

"अहो, तुमच्यावर आमचा विश्वास आहे."

मी टोपी घातली, लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेतला आणि शेवटच्या वळणावर जाऊन उभा राहिलो.

शर्यत सुरू झाली आणि दोरीच्या बाहेरून आवाज आला, "सतरा नंबर! गुडघा वाकला!" पाहतो तर मारोतराव. हातात माझी झेरॉक्स. "बावीस! पाय सुटला! पंच, कुठं बघून राहिले?" मुलींपेक्षा पंचच जास्त घाबरले. संयोजकांना वाटलं, हे विद्यापीठाचे निरीक्षक. तिसऱ्या फेरीला त्यांना चहा आला, पाचव्या फेरीला मंडपात खुर्ची, आणि सातव्या फेरीला कुणीतरी त्यांच्या सदऱ्याला बिल्ला लावला. त्यांनी कशालाच नाही म्हटलं नाही.

साडेबारा फेऱ्यांची शर्यत. अश्विनी पहिल्यापासून पुढं होती. पण दहाव्या फेरीपर्यंत फलकावर तिच्या नंबरापुढं दोन लाल खुणा लागल्या. दोन पंचांनी चिठ्ठ्या दिल्या होत्या. मागून उदगीरची एक मुलगी अंतर तोडत येत होती. मुलगी बुटकी, पण चाल अशी स्वच्छ की पाहत राहावं.

शेवटची फेरी. उदगीरची मुलगी अगदी खांद्याशी आली. माझ्या वळणावर अश्विनीनं जोर लावला आणि तिचे दोन्ही पाय हवेत गेले. एकदा नाही, सलग पाच-सहा पावलं. शंकेला जागाच नव्हती.

हातानं आपलं काम केलं. मी चिठ्ठीवर तिचा नंबर लिहिला, एकतीस. वेळ लिहिली, सही केली. टेबल पन्नास पावलांवर होतं. तिकडं निघालो आणि चौथ्या-पाचव्या पावलाला थांबलो. चिठ्ठीची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

अश्विनी हातभर अंतरानं पहिली आली.

मी लगेच मारोतरावांकडं पाहिलं. बारा फेऱ्या ओरडणारा माणूस शेवटच्या अर्ध्या फेरीला गप्प होता. तो बिल्ला काढून खुर्चीवर ठेवत होता. परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारीच बसले. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. लोह्याला त्यांनी पेरू घेतले आणि मोठा मला दिला.

दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं तो शर्ट भिजवला. खिसा तपासायचा राहिला. चिठ्ठीचा रंग सुटला आणि बादलीतले माझे तिन्ही पांढरे शर्ट गुलाबी झाले. "खिशात काय होतं एवढं?" ती ओरडली. मी म्हणालो, "कामाचा कागद होता." ती म्हणाली, "मग कामाला का न्हाई लावला?" त्या बाईला काहीच माहीत नव्हतं, तरी मी तिच्याकडं पाहू शकलो नाही. प्राचार्यांनी माझा सत्कार केला, तेव्हा मी फिकट गुलाबी शर्टात होतो. पेपरात फोटो काळा-पांढरा आला, एवढंच बरं.

पहिल्या दोघी पुढच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातात. उदगीरची मुलगीही गेली, म्हणजे तिचं फारसं बिघडलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. स्पर्धा दक्षिणेत, दीड दिवसाचा रेल्वेप्रवास. मला संघाबरोबर पाठवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी अश्विनीचा फोन आला. "सर, बाद." पाचव्याच फेरीला. आणि उदगीरची मुलगी आठवी.

परत आल्यावर ती आठ दिवस मैदानावर फिरकली नाही. नवव्या दिवशी माझ्या कार्यालयात आली. कार्यालय म्हणजे जाळी, भाले आणि फुटलेले बॉल ठेवायची खोली. त्यातच माझी खुर्ची.

"सर, एक इचारू? लातूरला शेवटच्या फेरीला, तुमच्या वळणावर, माझे पाय सुटले होते ना?"

"हो."

"तुम्ही पाहिलं होतं?"

"चिठ्ठीसुद्धा लिहिली होती."

"मंग?"

"खिशात ठेवली."

ती भाल्यांकडं पाहत राहिली. मी म्हणालो, "अश्विनी, तुझ्या भल्यासाठी..."

"न्हाई सर." तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्या भल्यासाठी न्हाई. फोटो तुमचा आला पेपरात. तिथल्या पंचांनी पाच फेऱ्यांत मला जे सांगितलं, ते तुम्ही वर्षभर सांगितलं न्हाई. सगळ्या दुनियेला नियम सांगितले, रिक्षावाल्याला सांगितले, दादांना सांगितले. मलाच न्हाई."

ते खरं होतं. तिचे पाय सुटतात हे मला सरावातही दिसत होतं. पण वेग इतका सुंदर होता की मी डोळे झाकत गेलो. पोरांना नियम लावत मी वीस वर्षं काढली होती, पण विद्यार्थ्यापुढं "चुकलो" हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा बोललो. तो नीट बाहेरही आला नाही. फुटबॉलच्या ढिगाकडं बघून बोललो.

ती उठली. मला वाटलं, संपलं. दारात थांबून म्हणाली, "उद्या साडेपाचला या. चिठ्ठ्या घेऊन या. जितक्यांदा पाय सुटंल, तितक्यांदा लिहा. खिशात ठेवू नका."

पहिल्या सकाळी अठ्ठावीस चिठ्ठ्या झाल्या. ती प्रत्येक चिठ्ठी हातात घेऊन विचारायची, कुठं, कोणत्या पायाला. लाल कागद संपले, तेव्हा आम्ही लग्नपत्रिकांची लाल पाकिटं कापली. तिचा वेग इतका पडला की रस्त्यानं दूधवाला पुढं जायला लागला. मग हळूहळू चिठ्ठ्या कमी झाल्या. वीस, बारा, सहा. रविवारी मारोतराव यायचे. त्यांच्या आणि माझ्या चिठ्ठ्या जुळल्या नाहीत की भांडण व्हायचं. एकदा मी हळूच म्हणालो, "लातूरला तुम्हीही पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं," ते म्हणाले. हातातल्या चिठ्ठ्या सारख्या करत म्हणाले, "म्हणून तर तुम्हाला पेरू दिला. दुसरं काय बोलावं ते सुचंना."

पुढच्या वर्षी स्पर्धा पुन्हा लातूरलाच आल्या. मी पंच म्हणून उभा राहणार नाही, असं आधीच लेखी कळवलं होतं. ऐन वेळी एक पंच कमी पडला. संयोजक धावत आले, मला ओलांडून थेट मारोतरावांपुढं हात जोडून उभे राहिले. "साहेब, मागच्या वर्षी निरीक्षक म्हणून आपणच होतात ना? एवढं वळण सांभाळा."

मारोतराव म्हणाले, "माझी पोरगी हाय शर्यतीत. मला जमणार न्हाई."

त्यांनी ते मला ऐकवण्यासाठी म्हटलं नव्हतं. मी बुटाची नाडी पुन्हा बांधली.

हे सगळं लिहून मी आधी अश्विनीला फोनवर वाचून दाखवलं. ती आता किनवटकडच्या एका शाळेत खेळाची मॅडम आहे आणि तिच्या शाळेचं मैदान आमच्यापेक्षा मोठं आहे. तिनं एकच दुरुस्ती सांगितली. पहिल्या सकाळी चिठ्ठ्या अठ्ठावीस नव्हत्या, सत्तावीस होत्या, एक माझी चूक होती. मी आकडा तसाच ठेवला आहे. तो वाद आमच्यात अजून चालू आहे.

तर ती शर्यत. आम्ही दोघं दोरीच्या बाहेर. मारोतरावांनी त्या दिवशी कुणालाच काही ओरडून सांगितलं नाही, फक्त ओठ हलत होते. उदगीरची मुलगी पहिल्यापासून पुढं निघून गेली. दुसऱ्या जागेसाठी अश्विनी आणि नांदेडच्याच दुसऱ्या कॉलेजची एक मुलगी. शेवटच्या वळणावर ती मुलगी जोरात सुटली. अश्विनीनंही जोर लावला असता, मला तिची मांडी ताठ झालेली दिसली. पण तिनं पाय जमिनीवरच ठेवला. दहा पावलांनी मागं राहून ती तिसरी आली. तिसरीची निवड होत नाही.

ती घामानं निथळत आमच्याकडं आली. मी म्हणालो, "तिसरी."

"ते कळलं. चिठ्ठ्या किती?"

मला माहीत नव्हतं. मारोतराव मुख्य पंचाच्या टेबलाकडं निघाले, त्यांच्या नेहमीच्या चालीनं. मी मागं जवळजवळ पळत. टेबलावर एक तरुण प्राध्यापक शर्यतीचा तक्ता आवरत होते. प्रत्येक नंबरापुढं पाच पंचांचे पाच चौकोन, कुठं एक लाल खूण, कुठं दोन. मारोतरावांनी बोट फिरवत अश्विनीचा नंबर शोधला. मग सदऱ्यातून मोबाईल काढला, हात लांब करून, डोळे बारीक करून फोटो काढायला लागले. पहिला हलला. दुसरा काढला.

प्राध्यापक वाकून बघायला लागले. "काका, या ओळीत तर काहीच नाही."

"म्हणूनच काढून राहिलो," मारोतराव म्हणाले.